ओढ्यावरची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओढ्याच्या पाण्यावर वस्तीपुरती वीज करायची म्हटलं की पहिली चर्चा टर्बाइनची निघते. खरं तर टर्बाइन सगळ्यात शेवटी ठरवायचं. असे प्रकल्प रखडतात ते बहुधा टंचाईच्या महिन्यांतल्या पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे, नाहीतर पाण्याच्या वाटेतल्या जाळीवरचा पाला रोज कोण काढणार हे ठरलंच नव्हतं म्हणून. त्यामुळे इथे यंत्रापेक्षा पाण्याबद्दल आणि माणसांबद्दल जास्त लिहिलं आहे.

लहान जलविद्युत प्रकल्प म्हणजे नेमका किती लहान?

व्याख्या देशागणिक बदलते. भारतात २५ मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प लघु धरतात, चीनमध्ये ५० मेगावॉटपर्यंतचा, युरोपात साधारण १० पर्यंतचा. पण २५ मेगावॉट म्हणजे शहराचा कारभार. या पानावर बोलतोय ते ५ ते १०० किलोवॉटच्या प्रकल्पांबद्दल. भारतीय वर्गवारीत यांना सूक्ष्म म्हणतात.

त्यासाठी धरण बांधावं लागतं का?

नाही. बहुतेक गावप्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. ओढ्यात आडवा बुटका बंधारा घालून थोडं पाणी बाजूला वळवतात. ते आधी गाळटाकीत थांबतं आणि वाळू खाली बसते. मग डोंगराच्या कडेकडेने, जवळजवळ सपाट पाटातून ते पुढच्या टाकीपर्यंत जातं. या टाकीला फोरबे म्हणतात. तिथून पेनस्टॉक, म्हणजे दाबाखालची नळी, थेट उतारावरून वीजघरात येते. टर्बाइन फिरवून झालं की पाणी परत त्याच ओढ्याला मिळतं.

पाणी साठत नाही, म्हणून जमीन बुडत नाही. पण साठा नसल्यामुळे ओढ्यात या क्षणी जेवढं पाणी, तेवढीच या क्षणी वीज. पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निघतात.

आमच्या ओढ्यातून किती वीज मिळेल?

दोनच गोष्टी लागतात: पाणी किती मीटर खाली पडतं (याला हेड म्हणतात) आणि सेकंदाला किती पाणी मिळतं. प्रवाह घनमीटरमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या हेडने गुणा, मग ९.८१ ने गुणा. आलेला आकडा किलोवॉटमध्ये असतो, पण तो कागदावरचा. नळीतलं घर्षण, टर्बाइन, पट्टा, जनित्र असे सगळे आपापला वाटा खातात, आणि लहान प्रकल्पात हाती ५० ते ७० टक्के उरतात.

उदाहरण घेऊ. सेकंदाला ५० लिटर पाणी, ४० मीटर हेड. ०.०५ × ४० × ९.८१ म्हणजे १९.६ किलोवॉट. ६० टक्के धरले तर जवळपास १२ किलोवॉट. यंत्र दिवसरात्र चाललं तर दिवसाला २८० युनिटं. आकडा मोठा वाटतो, पण तो चोवीस तास वापरणारं कुणी असेल तरच. पुढेही हेच १२ किलोवॉटचं उदाहरण चालवू.

कुणी "आमच्याकडे धबधबा आहे, १०० किलोवॉट सहज निघतील" म्हणालं, तर हा गुणाकार करून बघा. डोळ्यांना धबधब्याचा अंदाज कधीच बरोबर येत नाही.

उंची कशी मोजायची? मोबाइलवर दिसते ती चालेल का?

नाही. मोबाइलच्या उंचीत बऱ्याच मीटरची चूक निघू शकते. ४० मीटर हेडमध्ये ८ मीटरची चूक म्हणजे विजेच्या अंदाजात २० टक्क्यांची चूक. त्यापेक्षा गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन खुणा केलेल्या काठ्या घ्या आणि टप्प्याटप्प्याने उतार मोजत खाली या. वेळ लागतो, पण चूक सेंटिमीटरांत राहते. दुसरा मार्ग म्हणजे उतारावर पाण्याने भरलेला पाइप सोडून खालच्या टोकाला दाबमापक लावायचा. १ बार दाब म्हणजे १०.२ मीटर पाणी. पाइपात हवेचे बुडबुडे मात्र राहू द्यायचे नाहीत. मोजणी दोनदा करा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाकडून.

आणि पाणी कसं मोजायचं?

झरा लहान असेल तर सगळं पाणी एका पिंपात सोडा आणि घड्याळ लावा. २०० लिटरचं पिंप ४ सेकंदांत भरलं तर प्रवाह सेकंदाला ५० लिटर.

ओढा त्याहून मोठा असेल तर सरळ, एकसारखा वाहणारा १० मीटरचा तुकडा निवडा. एखादं पाण्यावर तरंगणारं फळ किंवा लाकडाचा तुकडा वर सोडा आणि खाली पोचायला किती वेळ लागतो ते चार-पाच वेळा मोजा. समजा २० सेकंद लागले. पृष्ठभागावरचा वेग झाला सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी आणि काठाला पाणी हळू चालतं, म्हणून त्याला ०.८ ने गुणायचं आणि तळ खडकाळ, उथळ असेल तर ०.६ ने. ओढा १ मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटिमीटर खोल असेल तर ०.२ × ०.४ म्हणजे सेकंदाला ८० लिटर. खळाळत्या, दगडधोंड्यांच्या ओढ्यात ही रीत फसते. तिथे माहीत असलेल्या वजनाचं मीठ विरघळवून वर ओततात आणि खाली पाण्याची विद्युतवाहकता किती वेळ, किती वाढली ते बघतात. कायमची सोय हवी असेल तर ठरावीक मापाची खाच असलेली आडवी फळी बसवा. पाण्याची पातळी पट्टीवर वाचली की तक्त्यात प्रवाह मिळतो.

पण मोजायचं कसं यापेक्षा कधी, हा खरा प्रश्न. पाहणीसाठी माणसं येतात ती पाऊस संपल्यावर, रस्ते सुकले की. तेव्हा ओढा गच्च भरलेला असतो, फोटोही छान येतात. मोजणी व्हायला हवी निदान एक पूर्ण वर्षभर, आणि सगळ्यात कोरड्या महिन्यात तर हवीच. बर्फाच्या पाण्यावरच्या नदीत टंचाई हिवाळ्यात येते, हेही ध्यानात असू द्या. शिवाय काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की ओढा कधी आटला होता का, आणि पुराचं पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं होतं. वीजघर त्या दगडाच्या वर बांधायचं.

पावसाळ्यात दसपट पाणी असतं. मग मोठं यंत्रच बसवलेलं बरं नाही का?

हा मोह जवळपास प्रत्येकाला होतो. मोठं यंत्र कमी पाण्यावर नीट चालत नाही. काही प्रकारांची कार्यक्षमता पाणी निम्म्यावर आलं की घसरते. म्हणजे नेमक्या टंचाईत यंत्र बंद, आणि पावसात जादा झालेली वीज घ्यायला कुणी नाही. वस्ती एकटीच ग्राहक असेल तर टंचाईच्या महिन्यात मिळणारं पाणी हाच आधार धरा. पावसाळ्याचाही लाभ हवाच असेल तर दोन लहान यंत्रं शेजारी बसवा. खर्च थोडा वाढतो, पण एक दुरुस्तीला गेलं तरी अंधार होत नाही.

कोणतं टर्बाइन घ्यावं?

उंची जास्त आणि पाणी कमी असेल तर पेल्टन. कॅलिफोर्नियातल्या खाणींच्या भागात काम करणाऱ्या लेस्टर पेल्टन यांनी १८८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाच्या कडेने दुहेरी वाट्या असतात आणि त्यांच्या मधल्या धारेवर पाण्याचा फवारा आदळून दोन्हीकडे फुटतो. आपल्या ४० मीटर हेडला हा फवारा तासाला १०० किलोमीटरच्या वेगाने सुटतो, आणि चाकाची कड त्याच्या साधारण निम्म्या वेगाने पळते तेव्हा काम सगळ्यात चांगलं होतं.

मध्यम उंचीला क्रॉसफ्लो. हे पिंपासारखं आडवं यंत्र आहे, पाणी एका बाजूने पात्यांतून आत शिरतं आणि पलीकडच्या पात्यांतून बाहेर पडतं. कार्यक्षमता थोडी कमी, पण पत्रा आणि पाइप कापून साध्या वर्कशॉपमध्ये बनतं, आणि पाणी कमी झालं तरी कुरकुर करत नाही. गावासाठी माझा कल बहुतेक वेळा याच्याकडे असतो. तुटलेलं पातं जवळच्या वेल्डरला जोडता आलं तर यंत्र दोन दिवसांत सुरू होतं. सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा असेल तर दोन महिने.

उंची दोन-चार मीटर आणि पाणी भरपूर असेल तर प्रोपेलर किंवा काप्लान (पाती वळवता येणारं प्रोपेलर), किंवा आर्किमिडीजचा स्क्रू. फ्रान्सिस उत्तम, पण इतक्या लहान आकारात महाग आणि वाळूला नाजूक.

साधा पाण्याचा पंप उलटा चालवून वीज करता येते का?

येते, आणि चांगली येते. पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनतात, म्हणून स्वस्त मिळतात. पण त्यात पाणी कमीजास्त करायची सोय नसते. ज्या ओढ्याचा प्रवाह वर्षभर सारखा, तिथेच हा उपाय शोभतो.

पेनस्टॉक बारीक घेतला तर पैसे वाचतील ना?

पहिल्या दिवशी वाचतील. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून नेलं तर घर्षणाचा तोटा जवळपास ३२ पट होतो. टाकीपासून यंत्रापर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त हेड वाया जाऊ नये, असा व्यास निवडा. नळी उन्हात उघडी पडलेली प्लास्टिकची नको, ती पुरून टाका. वळणं असतील तिथे काँक्रीटचे ठोकळे हवेत, कारण आतलं पाणी वळणावर नळीला बाहेर ढकलत असतं.

रात्री सगळ्यांनी एकदम दिवे बंद केले तर काय होतं?

यंत्रावरचा भार गेला, पाणी मात्र तेवढंच येतंय. चाक मोकाट सुटतं. पेल्टन किंवा क्रॉसफ्लो नेहमीच्या वेगाच्या पावणेदोन-दोन पटीपर्यंत जाऊ शकतं, प्रोपेलर त्याहून जास्त. व्होल्टेज चढतं आणि ज्यांचे दिवे चालू राहिलेत त्यांचे जळतात.

मोठ्या वीजघरात गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारी यंत्रणा, पाणी कमी करतो. लहान ठिकाणी उलट युक्ती आहे: पाण्याला हात लावायचा नाही, भारच सारखा ठेवायचा. इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर नावाची पेटी सतत बघत असते आणि गावाने जेवढी वीज घेतली नाही तेवढी पाण्यात बुडवलेल्या हीटरमध्ये ढकलते. जनित्राला वाटतं, पूर्ण गाव जागं आहे. वेग सारखा, वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास. हे हीटर जनित्राच्या पूर्ण क्षमतेपेक्षा थोडे जास्तच ताकदीचे हवेत, आणि त्यांच्या टाकीत पाणी वाहतं राहिलं पाहिजे. टाकी कोरडी पडली की हीटर जळतात, आणि मग त्याच रात्री गावातले दिवे.

व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला का सांगतात?

नळीतलं पाणी म्हणजे धावती मालगाडी. ती एकदम अडवली तर दाबाची लाट नळीभर धडकते. पोलादी नळीत सेकंदाला ३ मीटरने चाललेलं पाणी क्षणात थांबवलं तर सुमारे ३०० मीटर हेडइतका जादा दाब येतो, आणि आपली नळी ४० मीटर हेडच्या दाबाची. मिनिटभर घ्या, चाक फिरवत राहा. घाईच्या वेळी फवारा चाकावरून बाजूला वळवणारी पट्टी असेल तर ती वापरा.

रोजचं काम काय असतं?

जाळी साफ करणं. हे उत्तर ऐकून लोक हसतात.

पानगळीत आणि पहिल्या पावसात जाळीवर पाला इतका चढतो की तासाभरात पाणी निम्मं होतं. फोरबेतली पातळी खाली गेली की पेनस्टॉकमध्ये हवा शिरते, यंत्र धडधडायला लागतं. म्हणून पातळी खाली जाताना घंटा वाजेल अशी साधी सोय करा. जाळी उभी लावू नका, तिरपी लावा, म्हणजे दाताळ्याने खालून वर ओढता येतं. आणि उभं राहायला पक्की फळी हवी. पावसात, रात्री, एका हातात बॅटरी धरून हे काम कुणीतरी करणार आहे. ज्याने आराखडा काढला त्याने एकदा तरी तिथे जाऊन उभं राहावं.

दुसरा शत्रू वाळू. वाळूतला क्वार्ट्झ पोलादालाही खरवडतो. पेल्टनच्या वाट्यांच्या धारा बोथट झाल्या की तेवढ्याच पाण्यात वीज कमी मिळते आणि कुणाला पटकन कळतही नाही. गाळटाकी मोठी बांधा, तिच्या तळाशी झडप ठेवा आणि पावसाळ्यात रोज ती उघडून गाळ सोडून द्या. ऐन पुरात पाणी गढूळ लाल झालं की यंत्र बंद ठेवलेलंच परवडतं.

बाकी बेअरिंगला ग्रीस, पट्ट्याचा ताण, पाटातली गळती. आणि वहीत रोज तीन आकडे: व्होल्टेज, करंट, फोरबेची पातळी. वर्षभराने हीच वही कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगते.

हे काम आळीपाळीने सगळ्या घरांनी केलं तर?

पहिले तीन महिने उत्साहाने होतं. नंतर ज्याची पाळी त्याला नेमकं परगावी जायचं असतं. पगारी माणूस ठेवा, शक्यतो दोन, आणि दोघांनाही पूर्ण शिकवा. एकच माणूस सगळं जाणत असेल तर तो निघून गेला की प्रकल्पही गेला.

संध्याकाळी वीज पुरत नाही, दुपारी मात्र वाया जाते. काय करावं?

हे जवळपास सगळीकडे होतं. फक्त दिव्यांसाठी वापर असेल तर दिवसातून चार-पाच तास वीज लागते आणि उरलेली हीटरमध्ये जाते. यावर तीन बाजूंनी काम करावं लागतं.

संध्याकाळच्या मागणीला आवर घाला. प्रत्येक घराला ठरावीक करंटपुढे तुटणारा कट-आउट लावा. एलईडी दिव्यांमुळे गणित पूर्वीपेक्षा फार सोपं झालं आहे. १०० घरांना प्रत्येकी १०० वॉट दिले तरी १० किलोवॉट होतात, म्हणजे आपल्या १२ मध्ये बसतात. पाणी तापवायची कांडी आणि विजेची शेगडी यांना संध्याकाळी बंदी. एक कांडी पंधरा घरांची वीज खाते, आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

दुपारी गिऱ्हाईक शोधा. पिठाची गिरणी, तेलघाणा, सुताराची करवत. हे जमलं तर प्रकल्पाचा खर्च निघतो, कारण दिव्यांच्या पैशांतून पगार भागतो पण नवं बेअरिंग येत नाही. एक सावधगिरी: मोटर थेट सुरू करताना तिच्या नेहमीच्या करंटच्या ५ ते ७ पट ओढते. १२ किलोवॉटवर ३ किलोवॉटची मोटर चालेल, पण सुरू होताना गावभर दिवे मिणमिणतील. सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे मोटर हळूहळू सुरू करणारी पेटी, लावा.

जागा असेल तर फोरबे मोठी करा. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद, २ मीटर खोल टाकीत ३०० घनमीटर पाणी मावतं. आपल्या ४० मीटर हेडला त्यातून सुमारे २० युनिटं निघतात. चार तास ५ किलोवॉट जादा. मात्र तेवढं जादा पाणी घेऊ शकेल असं यंत्र आणि नळी सुरुवातीलाच घेतलेली हवी.

बिल मीटरवर घ्यावं की घरटी ठरावीक?

वीज युनिटागणिक महाग होत नाही. पाणी फुकट येतं आणि खर्च आधीच झालेला असतो. टंचाई किलोवॉटची, म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येते याची असते, एकूण युनिटांची नाही. म्हणून लहान प्रकल्पात कट-आउटच्या आकाराप्रमाणे महिन्याची ठरावीक रक्कम घेणं सोपं आणि न्याय्य. गिरणी, दुकान अशा व्यावसायिकांना मीटर. थकबाकीदाराची वीज तोडायचा नियम सुरू होण्याआधी लिहून काढा, कारण पहिला थकबाकीदार बऱ्याचदा वजनदार माणूसच असतो.

बॅटऱ्या लागतात का?

१ किलोवॉटच्या खालच्या यंत्रांना कधीकधी. एरवी नाही.

वीज काढून घेतल्यावर पाण्यातलं सत्त्व जातं का? पिकाला ते चालतं का?

पाण्यात होतं तेच सगळं राहतं. टर्बाइन पाण्याची फक्त पडण्याची ताकद घेतं. ही ताकद एरवी दगडांवर आपटून उष्णता होऊन गेली असती: ४० मीटर पडलेलं पाणी त्यामुळे ०.१ अंश सेल्सियसपेक्षाही कमी तापतं. म्हणजे टर्बाइनमधून आलेलं पाणी त्या केसभर उष्णतेला मुकतं, बाकी काही नाही. पिकाला कळणारही नाही.

शंका हसण्यावारी नेऊ नका मात्र. तिच्यामागे बहुतेक वेळा खरा प्रश्न लपलेला असतो: आमच्या शेताचं पाणी तुम्ही पळवणार का?

मग खरंच पळवतं का?

बंधारा आणि वीजघर यांच्या मधल्या तुकड्यात, हो. तिथे ओढ्यात पाणी कमी होतं. त्या तुकड्यात कुणाचा पाट निघत असेल, गुरं पाणी पीत असतील, मासे वर चढत असतील, तर आधी त्यांचा वाटा सोडा. मघाच्या उदाहरणात ८० लिटर मोजले आणि ५० घेतले, ते त्यासाठीच. हा वाटा कुणाच्या मर्जीवर ठेवू नका. बंधाऱ्यातच खालच्या पातळीला ठरावीक मापाचं भोक ठेवा, म्हणजे पाणी आधी त्यातून जाईल आणि उरलेलं पाटात. सिंचनाचे दिवस आणि तास वेगळे ठरवता येतात. दिवसा शेताला, रात्री यंत्राला, असं कित्येक ठिकाणी चालतं.

धोका काय आहे?

वीजघरातली वीज घरच्याच प्रकल्पाची असली तरी शहरातल्या विजेइतकीच जीवघेणी. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा तडितरोधक यांत काटकसर नको. फोरबेला कुंपण, पेनस्टॉकच्या तोंडाला जाळी, वस्तीजवळच्या पाटावर झाकण. पोहायला येणारी मुलं गृहीतच धरा. फिरत्या पट्ट्यावर पिंजरा. आणि कुणीही आपला डिझेल जनरेटर परस्पर गावच्या तारांना जोडायचा नाही, कारण खांबावर चढलेल्याला तारा मेलेल्या आहेत असं वाटत असतं.

सरकारी वीज गावात आली की प्रकल्प मोडीत निघतो का?

बऱ्याचदा निघतो, आणि ते टाळता येतं. परवानगी मिळाली तर तोच प्रकल्प मुख्य वाहिनीला जोडून वीज विकता येते, आणि मग दुपारच्या वाया जाणाऱ्या विजेचा प्रश्नच मिटतो. त्यासाठी वाहिनीशी ताल जुळवणारी आणि वाहिनी मेली की जनित्र लगेच वेगळं करणारी यंत्रणा लागते. दूरच्या टोकाला वाहिनी वारंवार तुटत असेल तर स्वतःची वीज राखून ठेवण्यातही शहाणपण आहे.

असा प्रकल्प किती वर्षं टिकतो?

बांधकाम ५० वर्षं आणि पुढेही, यंत्र २५-३० वर्षं, इलेक्ट्रॉनिक पेट्या त्याहून कमी. ही काही नवी विद्या नाही. अमेरिकेतल्या ॲपलटन इथे ३० सप्टेंबर १८८२ ला फॉक्स नदीवर वीजघर सुरू झालं, त्याची क्षमता सुमारे १२.५ किलोवॉट होती, म्हणजे आपल्या उदाहरणाइतकीच. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला १० नोव्हेंबर १८९७ ला सुरू झालेलं वीजघर १३० किलोवॉटचं, ६५ किलोवॉटच्या दोन यंत्रांचं.

आमच्याकडे जुना, बंद पडलेला प्रकल्प आहे. तो पुन्हा सुरू होईल का?

आधी पाटावरून चालत जा, वीजघरात नंतर. पाट कुठे खचलाय, बंधारा वाहून गेलाय का, वरच्या अंगाला कुणी पाणी उचलायला लागलंय का, हे बघा. पाणीच येत नसेल तर यंत्र उघडण्यात अर्थ नाही. येत असेल तर प्रवाह पुन्हा मोजा, जुन्या कागदांवर विसंबू नका. मग पेनस्टॉकची जाडी जागोजागी तपासा, टर्बाइनचं चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, जनित्राच्या गुंडाळीचं इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, मोजा. ओल धरलेली गुंडाळी हलक्या उष्णतेने सुकवली तर पुष्कळदा परत कामाला येते. कंट्रोलर बहुधा नवाच घ्यावा लागेल.

आणि बंद कशामुळे पडला, ते शेवटच्या ऑपरेटरला विचारा. समितीला नको. ऑपरेटर सांगेल, कोणत्या महिन्यापासून पगार थांबला.